शून्य ते दहा

"शून्य म्हणजे काहीच दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. आत्ता किती दुखतंय ताई, सांगा बघू."

भूल नुकती उतरत होती. पापण्या जड, नळी घातल्यामुळे घसा खरवडून निघालेला, तोंडाला कोरड, आणि खाटेशेजारी उभ्या असलेल्या सिस्टर माझ्याकडे आकडा मागत होत्या. मी म्हटलं, "सहा." सहाच का? पाच म्हटलं तर हिला काही विशेष होत नाहीये असं वाटायचं, सात म्हटलं तर कांगावा केल्यासारखं दिसायचं. भिडेखातर काढलेला आकडा तो. सिस्टरनी तो इमानेइतबारे कागदावर उतरवला, सलाइनच्या नळीत काहीतरी सोडलं आणि त्या पुढच्या खाटेकडे वळल्या. पडद्यापलीकडून तेच वाक्य पुन्हा ऐकू आलं. पलीकडच्या बाईंनीही सहाच सांगितलं.

मी मुद्रितशोधक आहे. दुसऱ्यांच्या वाक्यांतले चुकलेले शब्द दिवसभर हुडकत बसायचे, हा माझा धंदा. त्यामुळे त्या सहाचा मला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. ज्या भाषेत कळ, सणक, चमक, ठणका, सल, रग, ओढ, ठसठस, चुणचुण, भगभग एवढे शब्द आहेत, त्या भाषेत जन्मलेल्या बाईने आपलं दुखणं एका आकड्यात उरकायचं?

अर्थात, शब्द असून तरी मी काय दिवे लावले होते म्हणा. ऑपरेशनच्या आधीचं जवळजवळ वर्षभर मी त्या दुखण्याला चुकीच्या नावाने हाक मारत होते. मी त्याला 'पित्त' म्हणत होते. आपल्या बोलण्यात छातीत जळजळलं तरी पित्त, डोकं चढलं तरी पित्त, अंगावर गांधी उठल्या तरी पित्त आणि राग आला तरी पित्तच खवळतं. एवढ्या कामाला जुंपलेल्या शब्दाकडून नेमकेपणाची अपेक्षा ठेवणंच चूक. मी आपल्या आम्ल कमी करणाऱ्या गोळ्या घेत होते. पण आम्ल जठरात तयार होतं आणि खरं पित्त यकृतात. आणि पित्ताशय, नावात पित्त असूनही, ते बनवत नाही. ते नुसतं साठवतं आणि आटवून दाट करतं. यकृत दिवसाला अर्धा ते एक लिटर पित्त तयार करतं, आणि यकृताच्या खालच्या अंगाला चिकटलेल्या या सात-दहा सेंटिमीटरच्या पिशवीत मावतं जेमतेम ३० ते ५० मिलिलिटर. चरबी असलेलं अन्न लहान आतड्यात उतरलं की तिथून एक संप्रेरक सुटतं, ते पिशवीला आवळायला सांगतं. पिशवी आवळते, आणि तोंडाशी खडा अडकलेला असेल तर मग बघायला नको.

ते दुखणं बहुतेकदा रात्री यायचं, जेवणानंतर दोन-तीन तासांनी. उजव्या बरगडीखाली कुणीतरी मूठ आवळायचं आणि ती मूठ पाठीतून उजव्या फऱ्यापर्यंत जाणवायची. डॉक्टर तिला 'कोलिक' म्हणतात. हा शब्दही तसा चुकीचाच, कारण कोलिक म्हणजे येऊन-जाऊन मारणारा मुरडा. ही कळ तशी नसते. एकदा चढली की अर्धा तास, दोन तास, कधी त्याहूनही जास्त एकाच पातळीवर ठाण मांडून बसते. कूस बदला, उठून बसा, येरझाऱ्या घाला, तिला काही फरक पडत नाही. आणि मग जशी आली तशी निघूनही जाते, त्यामुळे सकाळी आपल्यालाच वाटतं, एवढं काही नव्हतं.

शेवटी एका रात्री ती निघून गेलीच नाही. तपासताना डॉक्टरांनी उजव्या बरगडीखाली बोटं रुतवली आणि म्हणाले, "आता खोल श्वास घ्या." श्वास अर्ध्यावर आला आणि दाराची कडी पडावी तसा थांबला. यालाच 'मर्फीचं चिन्ह' म्हणतात हे मला मागाहून कळलं. शिकागोचे सर्जन जॉन बेंजामिन मर्फी यांनी १९०३ साली ते नोंदवलं. श्वास घेताना यकृत खाली सरकतं, त्याबरोबर सुजलेलं पित्ताशय येऊन बोटांना टेकतं, आणि माणूस श्वास घ्यायचा थांबतो. डॉक्टरांनी मला किती दुखतंय हे विचारलंच नाही. ते माझ्या श्वासाकडे बघत होते. ही पद्धत मला फार आवडली, पण तेव्हा ती सांगण्याच्या अवस्थेत मी नव्हते.

सोनोग्राफीत खडे दिसले, प्रत्येकामागे काळी सावली. ऑपरेशन ठरलं, झालं. त्यातलं सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही, कारण त्यातलं मी काही पाहिलेलंच नाही. दिवा, मास्क, "लांब श्वास घ्या", आणि एकदम "शून्य म्हणजे काहीच दुखत नाही."

पोट दुखणार याची तयारी होती. चार भोकं पडणार होती. एक बेंबीशी, एक छातीच्या हाडाखाली आणि उजवीकडे दोन बारकी. ती चारही आपापल्या जागी चुणचुणत होती, त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. पण दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बसले आणि उजव्या खांद्याच्या टोकावर अशी सणक आली की मी ओरडलेच. ऑपरेशन पोटाचं आणि दुखतोय खांदा! टेबलावर झोपवताना हात अवघडला असेल, असं आम्ही दोघांनी ठरवून टाकलं. नवऱ्याने मलम चोळलं. फरक शून्य. विचित्र गोष्ट ही, की तो चोळत असताना मला दुखतच नव्हतं. म्हणजे दुखत होतं, पण त्याच्या बोटाखाली नव्हतं. मी स्वतः चाचपून पाहिलं. हाड दाबलं, स्नायू दाबला, हात गोल फिरवला. खांदा अगदी धडधाकट होता. दुखणं तिथेच होतं आणि बोटाला सापडत नव्हतं.

सर्जन फेरीला आले तेव्हा त्यांना सांगितलं. ते हसले. "तो गॅस आहे. खांद्याला काही झालेलं नाही."

दुर्बिणीने ऑपरेशन करायचं तर आत जागा हवी. म्हणून पोटात कार्बन डायऑक्साइड भरून ते तंबूसारखं उभं करतात, साधारण १२ ते १५ मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाने. हाच वायू का, तर तो पेट घेत नाही (आत विजेच्या चटक्याने रक्तवाहिन्या बंद करायच्या असतात, तेव्हा हे बरं), रक्तात चटकन विरघळतो आणि श्वासावाटे निघून जातो. शेवटी तो काढून टाकतात, पण थोडा मागे उरतो आणि उठून बसलं की वर चढून श्वासपटलाखाली जमतो. पोट आणि छाती यांच्यामधला हा स्नायूचा पडदा त्या वायूने चिडलेला असतो, ऑपरेशनमध्ये ताणलेलाही असतो. आता गंमत अशी, की या पडद्याची नस निघते मानेतून, तिसऱ्या, चौथ्या आणि पाचव्या मज्जातंतूंपासून. गर्भात हा पडदा आधी मानेच्या पातळीवर घडायला लागतो आणि पुढे खाली उतरतो. उतरताना आपली नस बरोबर ओढत आणतो. खांद्यावरच्या कातडीच्या नसाही मानेतल्या त्याच मजल्यांवरून निघतात. मग पडद्याची तक्रार वर पोचते, आणि मेंदू ती खांद्याच्या नावावर मांडतो. जन्मभर खांद्यालाच लागलं-खुपलं असल्यामुळे त्याला तेच पटतं.

थोडक्यात, मुद्रणदोष. मजकूर बरोबर, पत्ता चुकलेला. हे कळल्यावर दुखायचं कमी झालं असं मी म्हणणार नाही, कारण झालं नाही. पण त्यातली भीती गेली, आणि दुखण्यातून भीती वजा केली की उरतं ते बऱ्यापैकी आटोपशीर असतं. त्यावर उपाय मलम नव्हताच. उपाय होता चालणं. हळूहळू, भिंतीला हात लावत, व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. आणि फारच झालं तर थोडा वेळ आडवं पडणं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लक्षात आलं, खांदा गप्प आहे.

या शस्त्रक्रियेचा इतिहास मी खाटेवर पडल्या पडल्या वाचून काढला. (असल्या गोष्टी ऑपरेशनच्या आधी वाचू नयेत, नंतर वाचाव्यात.) पित्ताशय पहिल्यांदा काढलं ते कार्ल लांगेनबुख यांनी, बर्लिनमध्ये, १५ जुलै १८८२ रोजी. त्याआधी खडे काढायचे आणि पिशवी तशीच ठेवायची, अशी रीत होती. लांगेनबुखचं म्हणणं असं, की खडे जिथे तयार होतात ती जागाच काढली पाहिजे. त्यांचा रुग्ण ४३ वर्षांचा होता, १६ वर्षं या कळांनी गांजलेला. दुसऱ्या दिवशी त्याला ताप नव्हता, फारसं दुखत नव्हतं आणि तो सिगार ओढत होता, अशी नोंद आहे. 'फारसं दुखत नव्हतं' या तीन शब्दांखाली मी मनातल्या मनात लाल रेघ मारली. एवढं पोट उघडलेलं, आणि फारसं दुखत नव्हतं? की १६ वर्षांच्या कळांपुढे त्याला टाक्यांचं दुखणं खरोखरच किरकोळ वाटलं असेल? तसंही असू शकेल. तो घरी गेला मात्र सहा आठवड्यांनी. दुर्बिणीतून हे काम पहिल्यांदा केलं ते जर्मनीतल्याच एरिश म्यूए यांनी, ब्योब्लिंगेन या गावी, १२ सप्टेंबर १९८५ रोजी. पुढच्या वर्षी जर्मन सर्जनांच्या परिषदेत त्यांनी ते मांडलं तेव्हा त्यांची टिंगल झाली. १९९२ साली त्याच मंडळींनी त्यांचा सन्मान केला. मधल्या सहा-सात वर्षांत किती पोटं उगाच लांबलचक चिरली गेली असतील, हा विचार मनात आला आणि लगेच मावशी आठवली.

मावशी तेव्हा माझ्या खाटेशेजारीच बसलेली होती. माझी देखभाल करायला ती आली होती. तिचं पित्ताशय ३२ वर्षांपूर्वी काढलं. जुन्या पद्धतीने, उजव्या बरगडीच्या कडेने तिरकी, वीतभर लांब चीर. दहा-बारा दिवस दवाखान्यात, मग दोन महिने घरी. आमच्या घरात मावशी सोशिकपणाचा मापदंड आहे. कुणाला बरं नसलं आणि त्याने जरा जास्त कुरकुर केली की म्हणायचं, "मावशी बघ, एवढं मोठं ऑपरेशन झालं, पण हूं की चूं केलं नाही." मीही हे वाक्य माझ्या मुलाला ऐकवलेलं आहे.

आणि बहुधा त्याच वाक्याच्या नादाने दुसऱ्या रात्री मी घोटाळा केला. वेदनाशामक गोळ्या घड्याळ बघून घ्यायच्या, असं सांगितलं होतं. रात्री झोपतानाच्या वेळेला मला छान वाटत होतं. दुखत नाहीये तर गोळी कशाला, उगाच पोटात औषधं कोंबायची, असं म्हणून मी ती तशीच ठेवली. पहाटे तीनला जाग आली ती बेंबीतल्या ठणक्याने. आधीची गोळी उतरली होती, नवी घेतलेली नव्हती. घेतली, पण तिला कामाला लागायला अर्धा-पाऊण तास लागतो, आणि एकदा चढलेलं दुखणं खाली उतरवायला त्याहून जास्त. तहान लागल्यावर विहीर खणणं म्हणजे काय, हे मी पहाटे तीन ते साडेचार असं दीड तास अनुभवलं. त्या दीड तासात मला कळलं, की छान वाटत होतं ते गोळीमुळेच.

सकाळी सिस्टरनी कानउघाडणी केली. "ताई, गोळी काय आम्ही तुमचे लाड म्हणून देत नाही. दुखतंय म्हणून तुम्ही श्वास वरच्या वर घेता. खोकत नाही, चालत नाही. मग छातीत कफ साठतो, पायात रक्त गोठतं. गोळी घ्या आणि चाला." एवढ्या स्पष्ट शब्दांत मला कुणी सांगितलं नव्हतं. मी सोसणं हा गुण समजत होते. तो इथे गैरसोयीचा निघाला. दुखणं दाबायचं ते आराम वाटावा म्हणून नव्हे, फुप्फुसांच्या तळापर्यंत हवा जावी म्हणून.

औषधं तरी किती? भोकांच्या कडेला ऑपरेशनच्या वेळीच बधिर करणारं इंजेक्शन टोचलेलं, ते पहिले काही तास. मग ठरल्या वेळी पॅरासिटामॉल. सोबत सूज उतरवणारी दुसरी गोळी, मूत्रपिंड आणि जठर ठीक आहे याची खात्री करून. आणि त्यावरही भागलं नाही तर अफूच्या कुळातलं एक कडक औषध, ते मला एकदाच लागलं आणि पुरे झालं. त्याने दुखणं थांबतं, पण मळमळतं, झोप येते आणि आतडी संप करतात. चार टाके असलेल्या पोटाने कुंथणं काय असतं, ते मी इथे लिहीत नाही. पाणी भरपूर प्यावं आणि डॉक्टरांनी दिलेलं सारक औषध मुकाट्याने घ्यावं, इतकंच.

एक गोष्ट मात्र थोडक्यात हुकली. घरी आल्यावर जरा सर्दी झाली. सर्दीची नेहमीची गोळी तोंडात टाकणार, इतक्यात सवयीने पाकिटावरची बारीक अक्षरं वाचली. त्यातही पॅरासिटामॉल. धडधाकट प्रौढ माणसालाही २४ तासांत ते चार ग्रॅमच्या वर जाता कामा नये, नाहीतर यकृताला इजा होते. अशक्त माणसाला किंवा यकृताचं दुखणं असलेल्याला त्याहूनही कमी. आणि ते भलत्याच नावांच्या गोळ्यांत दडून बसलेलं असतं. बारीक अक्षरं वाचायच्या धंद्याचा आयुष्यात एकदा तरी फायदा झाला.

खाटेवरून उठणं ही एक स्वतंत्र विद्या आहे, आणि ती मला तिथल्या आयाबाईंनी शिकवली. आपण एरवी उठतो ते पोटाच्या जोरावर, हे पोट कापल्याशिवाय कळत नाही. पहिल्या वेळी मी सवयीप्रमाणे मान उचलली आणि तशीच परत उशीवर पडले. बाई म्हणाल्या, "सरळ नाही उठायचं. आधी गुडघे वर घ्या. आता ओंडक्यासारखं एका कुशीला वळा, खांदा आणि कंबर एकदम. आता पाय खाटेखाली सोडा. हाताने गादी ढकला. पोटाला काही काम द्यायचं नाही, त्याला सुट्टी आहे." पाय खाली जाताना त्यांच्या वजनाने धड आपोआप वर येतं, तराजूसारखं. मी बसले. नुसतं बसले, पण बसल्यावर मला इतका आनंद झाला की हसू आलं, आणि हसल्याबरोबर चारही भोकांनी एकदम आठवण करून दिली.

हसणं, खोकणं, शिंकणं. यांच्यासाठी उशी. एक लहानशी, घट्ट भरलेली उशी पोटाशी धरायची आणि शिंक येतेय असं वाटलं की दोन्ही हातांनी आवळायची. पहिला आठवडा मी ती उशी कडेवरच्या पोरासारखी घरभर घेऊन हिंडले. उशीने दोन कामं होतात. शिंकेचा धक्का टाक्यांवर येत नाही, हे एक. दुसरं म्हणजे, दाबाची जाणीव वर जाते ती दुखण्याच्या जाणिवेला वाटेतच अडवते. रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ साली मांडलं, की पाठीच्या कण्यात दुखण्याच्या वाटेवर एक फाटक आहे, आणि स्पर्श, दाब यांनी ते थोडंफार लोटून घेता येतं. ठेच लागली की आपण पायाचा अंगठा गच्च धरतो, ते यासाठीच. नवऱ्याला विनोद करायची बंदी घातली होती. त्याने ती पाळली, पण इतका गंभीर चेहरा करून वावरायला लागला की त्याचंच हसू यायचं.

याच मेलझॅक यांनी पुढे १९७५ साली दुखण्याची एक प्रश्नावली तयार केली. तिच्यात दुखणं सांगणारे ७८ शब्द आहेत, २० गटांत लावलेले. हे वाचलं तेव्हा मला एखादा हरवलेला नातेवाईक भेटल्यासारखं झालं. म्हणजे आकडा पुरत नाही, हे त्यांच्याही लक्षात आलं होतं! मी लगेच उशाशी ठेवलेल्या वहीत माझी यादी सुरू केली. बेंबी: दिवसा ओढ, रात्री ठणका. छातीखालचं भोक: खोकताना चमक, एरवी काही नाही. उजवीकडची दोन: चुणचुण, मग खाज. खांदा: सणक, बसल्यावर. आत, खोल, पित्ताशय होतं त्या जागी: याला शब्द सापडेना. तिथे दुखत नव्हतं, भरून आल्यासारखं जड वाटायचं. शेवटी 'अवघडलेपण' लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.

हा सगळा रिकामपणचा उद्योग वाटेल, पण त्याचा उपयोग झाला. एक दुखणं नव्हतंच ते. पाच होती, पाचांचे उपाय वेगळे आणि पाचही जण वेगवेगळ्या दिवशी निरोप घेणार होते. खोल आतलं अवघडलेपण चौथ्या दिवशी गेलं. कातडीची चुणचुण दहा-बारा दिवस राहिली. आणि बेंबीची ओढ पाचव्या दिवसापर्यंत कमी होत गेली आणि सहाव्या दिवशी उलटी वाढायला लागली. वहीत हे स्पष्ट दिसत होतं. काल 'ओढ', आज 'ठसठस'. ठसठस हा शब्द मराठी माणूस गळवासाठी वापरतो. माझ्याच हाताने मी तो लिहिला होता, आणि तो वाचून मी फोन उचलला.

घरी सोडताना कागदावर लिहून दिलं होतं, काय झालं तर थांबायचं नाही: थंडी वाजून ताप, डोळे पिवळे, लघवी गडद किंवा शौचाचा रंग पांढुरका, पोट फुगत जाणं, न थांबणारी उलटी, एका पोटरीला सूज, अचानक लागलेला दम. खडा निसटून पित्तनलिकेत राहिलेला असू शकतो, कुठे पित्त गळत असू शकतं. यातलं मला काही नव्हतं. बेंबीचा टाका लाल झाला होता, एवढंच. पिशवी खड्यांसकट त्याच भोकातून बाहेर ओढली होती, म्हणून तेच भोक सगळ्यांत मोठं आणि तेच सगळ्यांत कुरकुरं. ड्रेसिंग, प्रतिजैविकाच्या गोळ्या, चार दिवसांत निवळलं. पण ऑपरेशननंतर दुखणं रोज थोडं उतरायला हवं. उतरणीला लागलेलं दुखणं पुन्हा चढायला लागलं तर ते सोसायचं नसतं, कळवायचं असतं.

पित्ताशयाविना पोटाचं काय होतं, हे सगळे विचारतात. फार काही होत नाही. साठवायला पिशवी नाही, म्हणून पित्त दिवसभर थेंब थेंब आतड्यात उतरत राहतं. सुरुवातीला तेलकट खाल्लं की मला धावत जावं लागायचं. काही आठवड्यांत ते सरळ झालं. बहुतेकांचं होतं, नाही झालं तर औषध असतं. थोडं-थोडं खायचं, इतकंच मी पाळलं. "आता तुझं पित्त कायमचं गेलं," असं मात्र निदान सातजणांनी मला अभिनंदनाच्या सुरात सांगितलं. पहिल्या दोघांना मी यकृत, जठर सगळं समजावलं. पुढच्या पाचांना "हो ना" म्हटलं.

थकव्याबद्दल कुणी सांगितलं नव्हतं. भोकं एवढीशी असतात, त्यामुळे लोकांना आणि आपल्यालाही वाटतं की मामला एवढासाच होता. दुसऱ्या आठवड्यात मी आठ पानं तपासली आणि दुपारभर मेल्यासारखी झोपले. आतली जखम भोकाच्या मापाची नसते. भरलेली बादली उचलायला हात गेला की मावशी मागून ओरडायची.

खडे मला एका डबीत घालून दिले होते. अकरा. पिवळट तपकिरी, आणि एकमेकांवर घासून घासून त्यांना चक्क पैलू पडलेले. नवरा म्हणाला, अंगठीत बसवू या का. मी उशी शोधली आणि मगच हसले.

मावशी परत जायच्या आदल्या दिवशी मी पलंगावर वही घेऊन बसले होते. तिने विचारलं, काय लिहितेस. मी तिला यादी वाचून दाखवली, आणि मग ते सहाचं पुराण सुरू केलं. माणसाचं दुखणं असं आकड्यात मोजतात का, शून्य ते दहा, काय ते मेलं गणित, वगैरे. ती घड्या घालत होती. ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुमचं बरं आहे गं. विचारतात तरी."

"तुला नाही विचारलं कुणी?"

"विचारायचे की. 'आता बरं वाटतंय ना?' त्याला 'हो' म्हणायचं असतं."

मी पेन्सिल खाली ठेवली. काही सुचलं नाही म्हणून म्हटलं, "मावशी, तुझं किती होतं? शून्य ते दहा?"

मला वाटलं, हसण्यावारी नेईल.

"पहिल्या रात्री नऊ," ती म्हणाली. तिला क्षणभरही आठवावं लागलं नाही. "दुसऱ्या रात्री नऊच. तिसऱ्या दिवशी पोटातली नळी ओढून काढली तेव्हा दहा. टाके काढले त्या दिवशी चार. घरी आले तेव्हा सहा होतं, पण पाहुणे बसलेले होते."

मग तिने माझ्या पाठीमागची उशी काढली, दोन थापट्या मारून सारखी केली आणि पुन्हा पाठीला लावून दिली.